भिंतीअलीकडची बिरादरी

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरीचे पहिलेच साल होते. आठवीतल्या एका मुलाच्या प्रगतिपत्रकावर आम्ही उर्दूत शेरा लिहिला : 'सोहबत ख़राब है.' खाली पालकाच्या सहीचा रकाना. मुलाचा बाप भिवंडीला लूमवर, वर्षातून दोनदा येणारा. आई चार घरची कामे करून अंधार पडल्यावर परतणारी. मुलाने ते पत्रक घरी दाखवलेच नाही. ज्या सोहबतीबद्दल शेरा होता तिलाच नेऊन दाखवले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत चार पोरे शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. खरे सांगायचे तर आम्ही घाबरलो. भांडायला आली असावीत असे वाटले. त्यातला थोरला सोळा-सतरा वर्षांचा, गॅरेजात काम करणारा. हाताचे काळे पँटीला पुसत तो म्हणाला, "सर, इसके घर से कोई नहीं आ सकता. हम आए हैं. साइन कहाँ करना है?"

आम्ही सही घेतली नाही. नियमात बसत नव्हते. तो मुलगा नववीत शाळेत आला नाही.

पालक कोण, हा प्रश्न बी.एड.च्या पुस्तकांत सोपा असतो. माता-पिता, नसल्यास कायदेशीर पालक, पुढे सही. पण गरीब वस्तीत तेरा-चौदा वर्षांची पोरे आपले एक दुसरे घर बांधून घेतात, त्या घराला रकाना नसतो. बाहेरून पाहणारा त्या घराला टोळी म्हणतो, टोळके म्हणतो, झुंड म्हणतो. शिक्षक 'संगत' म्हणतो, एवढाच काय तो फरक. या दुसऱ्या घराची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाही, ती कथा-कादंबऱ्यांत सापडते. म्हणून गेली काही वर्षे आम्ही पोरांच्या टोळ्यांवरचे वाङ्मय जमेल तसे वाचत आलो. त्यातले काही वाचकांपुढे ठेवतो. आमचे नागपूर या इतिहासात उशिरा आले, पण आले ते नाव घेण्याजोगे.

सुरुवात दूर हंगेरीत करावी लागते. फेरेन्क मोल्नार या लेखकाची 'पॉल स्ट्रीट बॉइज' या इंग्रजी नावाने ओळखली जाणारी कादंबरी १९०६ सालची. बुडापेस्ट शहर झपाट्याने वाढते आहे, इमारतींवर इमारती उठताहेत, आणि मधे एक मोकळा भूखंड उरला आहे. शेजारी लाकडाची वखार. शाळकरी पोरांचे एक दळ त्या भूखंडाला आपला देश मानते. दुसऱ्या दळाला, लाल सदरेवाल्यांना, चेंडू खेळायला जागा नाही, म्हणून त्यांना तो हवा आहे. एवढ्यावरून लढाई. या दळात सगळे कप्तान नि लेफ्टनंट. साधा शिपाई एकच, नेमेचेक नावाचा लहानखुरा पोरगा. तो शिंप्याचा मुलगा. हुकूम सगळ्यांनी सोडायचे आणि पाळायचे एकट्या त्याने! पोरांच्या मंडळाच्या वहीत एकदा गैरसमजातून त्याचे नाव लहान अक्षरांत लिहिले जाते, म्हणजे गद्दार म्हणून. आपल्या लिपीत, देवनागरीत काय नि उर्दूत काय, मोठी-लहान अक्षरे नसतात. नाव लहान करण्याच्या आपल्या तऱ्हा वेगळ्या आहेत.

तोच नेमेचेक पुन्हापुन्हा थंड पाण्यात भिजून आजारी पडतो, तापात उठून येऊन लढाई जिंकून देतो आणि मरतो. पोरगा शेवटच्या घटका मोजत असताना घरी एक गिऱ्हाईक आपला कोट अंगाला बेतून घ्यायला येते, आणि बापाला ते काम करावेच लागते, कारण औषधाला आणि पुढच्या खर्चाला पैसा त्यातूनच येणार. वर्गभेदावर पुष्कळ व्याख्याने आम्ही ऐकली, पण त्या कोटाएवढे स्पष्ट कोणी सांगितले नाही. शेवटी कळते ते असे, की ज्या भूखंडासाठी पोरगा गेला त्यावर आता मोठी इमारत उठणार आहे. जागा पोरांची कधी नव्हतीच.

दुसरे पुस्तक अमेरिकेतले. एस. ई. हिंटन या मुलीने 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. कादंबरी छापून आली १९६७ साली. ओक्लाहोमा राज्यातल्या तुल्सा गावी शाळकरी पोरांचे दोन तट. पूर्वेकडच्या गरीब वस्तीतले 'ग्रीझर', केसांना तेल चोपडणारे. आणि पश्चिमेकडचे 'सोश', मोटारी बाळगणारे. निवेदक पोनीबॉय चौदा वर्षांचा. आईबाप मोटार अपघातात गेलेले. थोरला भाऊ विशीचा. शिकायचे सोडून छपरे घालायच्या कामाला लागलेला. मधला पेट्रोल पंपावर. सरकारने दोघा धाकट्यांना उचलून अनाथालयात टाकू नये, ही त्या घराची रोजची धास्ती. आणि तरी त्या घराचे दार टोळीतल्या कोणासाठी कधी बंद नसते. ज्याला घरी मार पडतो, ज्याची आई दारू पिते, तो रात्री येऊन तिथे पडून राहतो. आम्हाला त्या पुस्तकात हाणामारीपेक्षा हे उघडे दार अधिक मोलाचे वाटले.

ते वाचताना एक गोष्ट मात्र खटकत राहिली. ग्रीझर गोरे आणि सोशही गोरे. उद्या ग्रीझराच्या हाती पैसा आला, त्याने केस कापले, तर तो पश्चिमेकडे राहायला जाऊ शकतो. आपल्याकडे केस कापून भागत नाही. आपला वर्गभेद जातीच्या पायावर उभा असतो, आणि आडनाव केसांसारखे कापता येत नाही.

मराठीत हा विषय रस्त्यावर आणला भाऊ पाध्ये यांनी. 'वासूनाका' १९६५ची, म्हणजे हिंटनबाईंच्याही दोन वर्षे आधीची. मुंबईच्या नाक्यावर उभी राहणारी, कामधंदा नसलेली पोरे आणि त्यांचीच भाषा. आचार्य अत्र्यांनी अश्लील म्हणून तिच्यावर झोड उठवली. पोरांच्या बोलण्याने विटाळलेल्यांना त्यांचे रिकामपण दिसले नाही. मिलिंद बोकीलांची 'शाळा' २००४ची; तीही चार मित्रांची, अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून स्वप्ने पाहणाऱ्यांची. सुंदर पुस्तक आहे, आमच्या मराठीच्या तासाला आम्ही त्याविषयी बोलतो. पण त्या इमारतीतून उठून निवेदक घरी जातो, तेव्हा घरात ताट वाढलेले असते. तिथली दोस्ती ही चैन आहे, गरज नाही. उर्दूत कृश्न चंदर यांनी 'दादर पुल के बच्चे' लिहून खुद्द भगवंतालाच मुंबईच्या रस्त्यावरच्या पोरांत आणून सोडले. पोरांचे काय होते हे पाहायला तेवढ्या वरून कोणीतरी यावे लागले म्हणायचे!

आणि आमची मुस्लिम मराठी कथा? तिच्यात दंगल आली, तलाक आला, बुरख्याआडची बाई आली, परदेशी गेलेला मुलगा आला. चौकातली पोरे आली ती बहुधा दंगलीच्या प्रसंगात, दगड हातात घेऊन किंवा गोळी खाऊन. दंगल नसलेल्या दिवशी ती काय करतात, कोणाच्या ताटात जेवतात, कोणाला भाई म्हणतात, हे आम्ही लिहिणाऱ्यांनी फारसे विचारले नाही. आम्हीही नाही.

आता नागपूर. हिस्लॉप कॉलेज हे शहरातले जुने कॉलेज, १८८३ सालचे, स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढलेले, पाद्री स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने. सिव्हिल लाइन्सच्या सावलीत मोठा परिसर, आणि तिथून फार लांब नाही अशी गड्डीगोदामची दाट वस्ती. या कॉलेजात विजय बारसे क्रीडा शिक्षक होते. २००१च्या सुमारास एका पावसाळी दिवशी त्यांना झोपडपट्टीतली पोरे चिखलात एक फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. चेंडू नव्हता, पण खेळ होता. बारसे सरांनी त्यांना चेंडू दिला, आणि त्यातून 'झोपडपट्टी फुटबॉल' उभा राहिला. पुढे जगाने त्याला 'स्लम सॉकर' म्हणून ओळखले. २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात बेघरांचा पहिला विश्वचषक झाला होता. एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव, असा तो आटोपशीर खेळ. नागपूरच्या वस्तीतली पोरे पुढे त्या मैदानापर्यंत पोहोचली. त्यांपैकी अखिलेश पॉल यांनी भारताच्या संघाचे नेतृत्व केले, आणि २०१४ साली 'सत्यमेव जयते' या कार्यक्रमातून घराघरांत त्यांची कहाणी गेली. २०१६ साली स्लम सॉकरला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला.

यावर नागराज मंजुळे यांनी हिंदीत 'झुंड' केला. तो ४ मार्च २०२२ रोजी लागला. अमिताभ बच्चन त्यात क्रीडा शिक्षक आहेत, पण चित्रपट खरा पोरांचाच आहे, आणि ती पोरे नागपूरच्या वस्त्यांतून उचललेली. आम्ही तो आमच्या शाळेतल्या पाच-सात पोरांबरोबर पाहिला. पडद्यावर आपली नागपुरी बोली ऐकून पोरे खुर्चीत उड्या मारत होती. एक तर इतका हसला की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिले.

वाङ्मयाचा अभ्यासक म्हणून पाहिले तर 'झुंड' हा हिंटन आणि मोल्नार यांच्याच घराण्यातला. दोन तट आहेत. एकीकडे कॉलेजचा संघ, बूट, रंगीत जर्सी. दुसरीकडे डॉन आणि त्याचे साथीदार. मधे भिंत. मैदान भिंतीपलीकडे आहे. वस्तीतल्या पोरांनी भिंत ओलांडली की ती घुसखोर, आणि तीच पोरे शिक्षकाच्या बोटाला धरून फाटकातून आली की संघ. पोरे तीच, पायही तेच. मोल्नारच्या भूखंडावर आधी कोणाची मालकी दिसत नाही, ती शेवटी कळते. मंजुळे पहिल्यापासून भिंत दाखवतात. भारतात राहणाऱ्याला ती दाखवावीच लागते.

आणखी एक गोष्ट मंजुळ्यांनी धरली आहे, जी बाहेरच्या पुस्तकांत इतकी नाही. ती म्हणजे कागद. पोरांना परदेशी खेळायला जायचे तर पासपोर्ट हवा. आदिवासी मुलगी मोनिका आणि तिचा बाप आपण कोण आहोत याचा पुरावा गोळा करत दारोदार फिरतात. डॉनवर पोलिसात प्रकरण आहे, म्हणून त्याचे अडते. रझिया नावाची लेकुरवाळी बाई खेळायला उतरते. या सगळ्यांचे आपापसांत जे नाते तयार झालेले असते, त्याला कोणत्याही कचेरीत किंमत नाही. कॉलेजच्या पोराजवळ ओळखपत्र आहे, बोनाफाईड आहे, बापाची सही आहे. त्याचे 'आपण' कागदावर आहे. वस्तीतल्या पोराचे 'आपण' फक्त हाक मारल्यावर धावून येणाऱ्या चार जणांत आहे. तो प्रसंग पाहताना आम्हाला फाटकाशी उभा असलेला तो गॅरेजवाला आठवला. अंधार होता म्हणून बरे.

चित्रपटाविषयी एक तक्रारही नोंदवतो. त्यात वस्तीला फुटबॉल वरून मिळतो, एका भल्या माणसाकडून. बारसे सरांचे मोठेपण कमी करण्याचा इथे हेतू नाही. त्यांनी जे केले ते कोणी केले नव्हते. पण नागपूर-कामठीच्या मोहल्ल्यांचा फुटबॉल त्याहून पुष्कळ जुना आहे. कामठीची छावणी १८२१ची. १८५७ नंतर उत्तरेकडून मोमीन विणकरांची कुटुंबे हातमाग घेऊन कामठीत आणि नागपुरात आली, त्यातून आमचा मोमिनपुरा वाढला. १८७७च्या पहिल्या दिवशी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मागावर, गिरणीत, बिडीच्या कामात दिवस घालवणाऱ्यांची पोरे संध्याकाळी मैदानावर. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम, बिडी वर्कर्स. ही नावे जिल्हा लीगमधली. 'बिडी वर्कर्स' हे नाव वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे. कोणा राजाचे नाही, देणगीदाराचे नाही, धंद्याचे नाव. आपण काय करतो ते छातीवर लिहून मैदानात उतरायचे.

हे क्लब म्हणजे फक्त खेळ नव्हता. एकाचे बूट तिघे वापरायचे. आमच्या वडिलांच्या सांगण्यात असे, की त्यांच्या मोहल्ल्यात ज्या पोराचा बाप वारला त्याच्या बहिणीच्या लग्नात वाढायला अख्खा संघ उभा राहिला होता. क्लबातला मोठा हा उस्ताद. तो थप्पड मारू शके आणि फीही भरू शके. थप्पड आम्हाला शिक्षक म्हणून मंजूर नाही, पण फी भरणाऱ्याची थप्पड आणि नुसती थप्पड यांतला फरक पोरांना कळत असे. दोन मोहल्ल्यांच्या सामन्यात डोकी फुटत, आणि टाके घालायला त्याच दोन मोहल्ल्यांची पोरे एका रिक्षात बसून मेयो हॉस्पिटलला जात. यावर एक कादंबरी सहज झाली असती.

हे चित्र सोनेरी करून सांगणे बरोबर नाही. एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली. हातमाग त्याआधीच मोडत आले होते. ज्या कामाच्या नावाने क्लब निघायचे ते कामच गेले. उस्ताद म्हातारे झाले. मैदानांवर कुठे बांधकाम, कुठे गाड्यांची रांग. पोरे तितकीच राहिली. त्यांची बिरादरी मैदानातून उठून पानठेल्यावर आली, आणि तिथे तिला उस्ताद म्हणून वेगळीच माणसे मिळू लागली. पुड्या विकणाऱ्यालाही धावून येणारी चार पोरे हवीच असतात.

दरम्यान आमच्यातच एक भिंत उभी राहिली. ज्यांना दोन पैसे मिळाले ते मोमिनपुऱ्यातून निघून जाफर नगर आणि त्या बाजूच्या वसाहतींत राहायला गेले. त्यात वाईट काही नाही. उद्या जमले तर आम्हीही जाऊ. त्यांची मुले इंग्रजी शाळांत. काही वर्षांपूर्वी आमच्या उर्दू शाळेच्या संघाचा अशाच एका शाळेशी मैत्रीचा सामना ठरला. दोन्ही संघांत अन्सारी, दोन्हींत शेख, दोन्हींकडची मुले जुम्याला त्याच सफ़ेत उभी राहणारी. सामना सुरू होण्याआधी त्यांच्या बाजूचा एक मुलगा आणि आमचा गोलरक्षक समोरासमोर आले. हे दोघे सख्खे चुलत भाऊ आहेत, हे आम्हाला ठाऊक होते. समोरच्याने मान वळवली. दोस्तांसमोर ओळख दिली नाही. आमच्या गोलरक्षकाने एक शब्द काढला नाही, पण त्याच्या बाजूचे सगळे काही न सांगता त्याच्याभोवती येऊन उभे राहिले. बुटाची नाडी बांधायचे निमित्त करून एक तर त्याच्या पायाशीच बसला.

रक्ताचे नाते भिंतीपलीकडे राहिले आणि मानलेले अलीकडे. सामना आम्ही हरलो. चार-एक.

'झुंड'वर टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्या वसाहतींतले लोकही होते. पडद्यावरची भिंत त्यांना दिसली, आपल्या मुलाला 'उन लोगों के साथ मत खेल' म्हणताना बांधलेली दिसली नाही. 'वो लोग' हा शब्द बाहेरच्यांनी आपल्यासाठी वापरला की आपण लेख लिहितो. आपणच आपल्यांसाठी वापरला तर त्याला संस्कार म्हणतो.

ऑक्टोबर २०२५मध्ये बातमी आली. 'झुंड'मध्ये काम केलेल्या पोरांपैकी एकाचा नागपुरात खून झाला. वय एकवीस. पोलिसांनी ज्याला अटक केली तो त्याचा मित्र. दोघे एकत्र बसले होते, भांडण झाले, इतकेच बातमीत होते. आमच्या शिक्षक-खोलीत कोणीतरी म्हणाले, "आखिर अपनी औक़ात पर आ गया." आम्ही गप्प राहिलो, आणि ते गप्प राहणे आम्हाला अजून टोचते. पोरांनी बांधलेले घर कधी कधी पोरांवरच कोसळते. हिंटनच्या पुस्तकातही शेवटी तीन पोरे मरतात. ज्या घराला दार नाही, छप्पर नाही, मोठे माणूस नाही, ते सगळे ओझे सोळा वर्षांच्या खांद्यावर. मग त्याच खांद्याला चाकू लागला की आपण संगतीला दोष देतो. पडद्यावर आला तेव्हा तो आपला नागपूरचा मुलगा होता, बातमीत आला तेव्हा औक़ातीवर आलेला.

चित्रपटात विमानतळावर तपासणीच्या वेळी डॉनजवळ शेवटी एक कटर निघते. ते तिथेच सोडून त्याला पुढे जायचे आहे. थिएटरात आमच्या शेजारी बसलेला नववीतला पोरगा तेव्हा हसला नाही. बाहेर आल्यावर त्याने विचारले, "सर, वो तो चला गया. बाकी लोग जो मोहल्ले में रह गए, उनका?"

आम्ही त्याला चहा पाजला. उत्तर दिले नाही.

यंदाची प्रगतिपत्रके पुढच्या आठवड्यात वाटायची आहेत. पालकाच्या सहीचा रकाना तसाच आहे. शेऱ्याच्या जागी 'सोहबत' हा शब्द आम्ही लिहीत नाही. आठवी 'ब'मध्ये एक मुलगा आहे, त्याचे सामान नेहमी तीन पोरे वाटून आणतात. एकाकडे वही, एकाकडे कंपास, एकाकडे डबा. मागच्या वेळी त्याच्या पत्रकावर जी सही आली ती बाईची नव्हती, बाप्याचीही नव्हती. अक्षर कोवळे, उर्दूतल्या 'ये'ला उगाच लांब शेपूट काढलेले. ते शेपूट आम्ही वर्गातल्या वह्यांत पाहिले आहे. पत्रक आम्ही फाईलला लावले.